पलीकडे

तामलवाडीच्या नाक्यापलीकडे, निजामाच्या हद्दीत,
चिंचेखाली झोपलेल्या राजय्या चिलवेरीला
आपल्या शिपायांनी उचललं.
दस्तगीर नाकेदारानं पाहिलं,
आणि पंचनाम्यात सांगितलंही : पलीकडे.

साहेब म्हणाले, दोन सरकारांत करार आहे,
मागितला तर माणूस देतात. पण महिने लागतात.
मग माझ्याकडे न बघता :
कारकून, शब्द नीट ऐकलात ना?

मी 'प' खोडला. 'अ' लिहिला.
टाक नवा होता, डागसुद्धा पडला नाही.
हद्दीचा दगड दीड कोस सरकला
आणि रानातल्या कुणालाच
त्याचा आवाज आला नाही.

खटला चार दिवस.
राजय्या तेलुगूत बोलायचा, लांबलचक,
हातानं धोटा फेकल्यासारखा;
दुभाषा ते सगळं एका 'नाही'त बसवायचा.
एकदाच तो मराठीत म्हणाला,
"चिंच त्यांची होती, साहेब. सावली पण."
कोर्ट हसलं.
मीही. थोडंसं.

निकालाच्या दुपारी साखर पेठेत
एकही माग वाजत नव्हता.
घरी जाताना मला माझ्याच वहाणा ऐकू येत होत्या.

आता निजाम नाही, नाका नाही,
दस्तगीर गेला त्यालाही वर्षं झाली.
एसटी तामलवाडीला थांबते.
कंडक्टर विचारतो, आजोबा,
फाट्याच्या अलीकडे उतरायचं की पलीकडे?

मी तुळजापूरचं तिकीट काढतो.
दरवेळी.
देवीला गेलेलो नाही अजून.