दोन नऊ चार

प्रज्वला बहिरट, आठशे मीटर,
दोन मिनिटं नऊ पूर्णांक चार.
सणस मैदान, जिल्हा स्पर्धा, जानेवारीतली सकाळ.
आकडा माझ्याच अक्षरात आहे.

आता बोलायला हरकत नाही,
त्यातले एकदोन दशांश माझ्या अंगठ्याचे.
दापोडीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं पाने फिरवलेला अंगठा.
पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं, आवाजावर नाही,
हा नियम मीच पोरांना शिकवायचो.
त्या दिवशी मी कशावर दाबलं,
शपथेवर सांगता येणार नाही.

पहिली फेरी अडुसष्ट.
सातजणी एकमेकींकडे बघत,
पंगतीत पहिला घास कोण घेणार, तशा.
घंटा झाली आणि ही सुटली.
सारसबागेकडच्या वळणावर
बाहेरून चौघींना मागे टाकलं.
दुसरी फेरी एकसष्ट पूर्णांक चार.

रेषेवर मी घड्याळ थांबवलं.
ती थांबली नाही.
तशीच पळत लांब उडीच्या खड्ड्यापर्यंत गेली,
वाकली, बुटाची नाडी बांधायला वाकावं तशी,
आणि तोंड पुसत परत आली.
मी शेजारच्या जगतापांना म्हटलं,
हिच्यात अजून आहे.

पुढच्याच महिन्यात नडगीचं हाड चिरलं.
मग दोन अकरा. दोन तेरा.
मग त्याच आकड्याच्या दाखल्यावर
महापालिकेत नोकरी.

तेव्हापासून, दूध तापेपर्यंत,
ओट्याशी उभा राहून मी बेरीज करतो.
पहिली फेरी चौसष्ट धरली तर.
पुढे कुणी ओढणारी असती तर.
'तर'च्या शर्यतीत सगळेच पहिले येतात,
एवढं मलाही कळतं.

परवा भेटली, पर्वती दर्शनच्या गल्लीत,
गुडघ्यावर बसून पाण्याचा मीटर वाचत होती.
काचेवरचा चिखल पुसून तिनं आकडा टिपून घेतला.
मी विचारलं,
खरं सांग, त्या दिवशी अंगात किती शिल्लक होतं?

ती हसायलाच लागली.
"सर, त्या खड्ड्यापाशी मी का गेले, माहितीये?
उलटी येत होती.
सगळ्यांसमोर नको म्हणून पळाले.
वर वाळू ओढली. तो वाळू चाळणारा मामा
केवढा ओरडला मला!"

जगताप आता नाहीत,
नाहीतर सांगितलं असतं.

घरी आलो. दूध गॅसवर ठेवलं.
समजा, मळमळत नसतं तर