चार गाठी

अशोक चौकाच्या अलीकडे, आमच्या मेडिकलच्या काउंटरवर
नरसव्वा गड्डम विड्यांचं सूप टेकवून म्हणाली,
"तापाची दे. मानेची दे. सर्दीची पण एक दे."

मी तिन्ही पाकिटं पालथी केली.
मुंगीएवढ्या अक्षरांत तिन्हीकडे
एकच नाव, पॅरासिटामॉल.
"मावशी, ह्या तिघी नाहीत. एकच बाई
तीन लुगडी नेसून आलीय."

ती हसली नाही. तिला हजार विड्या मोजता येतात
न बघता, नुसत्या बोटांनी,
पंचवीसचा कट्टा बांधताना
शेजारणीशी तेलुगूत भांडत.
सकाळपासून गोळ्या किती, विचारलं
तर म्हणे, "दुखलं की घेते. कोण मोजतंय?"

लिव्हर मोजतं, मी म्हणालो.
आणि ते बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो.
साडेसहाशेची एक. मग सहा तास काही नाही.
दिवसरात्रीत चार. पाचवी नाही.
तीन दिवसांत ताप हटला नाही तर डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात,
पदराच्या टोकाला विडीचा गुलाबी दोरा
बांधून आली. त्याला तीन गाठी.
"एक राहिलीय, रात्रीला."

मग आवाज उतरवून:
"आमचे हे रोज पितात. डोकं धरलं की
माझ्याच पाकिटातली घेतात, दोन-दोन.
त्यांच्या गाठी कुठं मारू?"

दारूवर ही गोळी नको, आधी दवाखान्यात ने,
एवढं मी सांगितलं.
गाठींचं मात्र काही सुचलं नाही.