एक ते पाच

कॉलेजातून फोन आला तेव्हा
मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजात,
कॉम्प्रेसरला कान लावून.
कोर्स करून समाधानी आहात का?
एक ते पाचमध्ये सांगा.

वर्गात अठरा होतो, पोरगी मी एकटी.
गळती साबणाच्या फेसात दिसते, हे मगदूम सरांचं.
सन्मती आता सासऱ्याच्या रसवंतीवर बसतो.
मला चौदा हजार, तेही दहा तारखेनंतर.
पण रात्री लाईट गेली
की मालक आधी मला उठवतो,
मग जनरेटरला.

आतून नदाफमामा ओरडले, किती गं?
काट्याकडे बघून म्हटलं, चार.
चार लिहिते हं, फोनवरची बाई म्हणाली,
थँक्यू म्हणाली, ठेवला.

खोडा म्हणणार होते.
मग म्हटलं, राहू दे.
चारवर बेदाणा वर्षभर टिकतो.