भुवयांवरचा गहू

पहाटे तीनला भट्टी, दुपारी एकला घर.
दारातच कपडे उतरवतो इजीनो,
नखं घासतो, केस धुतो,
मगच हाक मारतो: ओरिएत्ता!

चार पिढ्यांचं पोट गव्हावर
आणि हिच्याच पोटाला गहू सोसेना.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं आतडं,
झिजल्या पायरीसारखं गुळगुळीत.

आता जेनोव्हातल्या या चौथ्या मजल्यावर
रात्रीच भिजतं हरभऱ्याचं पीठ.
पाणी, मीठ, बस्स.
सकाळी वरचा फेस काढायचा तो तिनंच,
जिभेचं टोक बाहेर काढून.
मग तांब्याच्या परातीत हात सैल सोडून तेल,
वर रोझमेरी,
आणि ओव्हन असा तापलेला
की खिडकीची काच घामेजते.

"यात प्रोटीन किती?" शाळेतून आणलाय नवा शब्द.
"तुझ्या दोन दंडांना पुरेल एवढं."

कडेचा कुरकुरीत तुकडा तिचा, हे ठरलेलं.
आज तिनं तो मोडला, अर्धा पुढे केला
आणि थबकली.
"बाबा, थांब. भुवयांवर
अजून गहू आहे तुझ्या."

तो पुन्हा नळाशी गेला.
पाणी बराच वेळ वाहत राहिलं.
दोन्ही तुकडे निवले.
तिनं खाल्ला नाही तोवर.