गणपतीपुळ्याला न जाता

गटाच्या वहीत शेवटच्या पानावर
सात वर्षं एक वेगळं खातं होतं:
'समुद्र'.
अक्षर वेणूचं. दर महिन्याला डोईमागे वीस रुपये.
त्यातून तारकाच्या लेकीचं सिझर झालं,
मध्ये एकदा शिलाई मशीन आली,
आणि होळीच्या तोंडावर मोजलं
तर चौघींचं नागपूरपर्यंतचंच तिकीट बसत होतं.

"नागपुरात कोणता समुद्र हाय वो?" देवकन म्हणाली.

मग दोन स्कूट्या,
लाखोरीच्या वड्यांचा डबा,
आणि इटियाडोहाचं धरण.

अर्धा रस्ता तर रोजचाच.
पण मागे बसलं की वेगळा असतो,
हात रिकामे,
ओढणी सांभाळायची तेवढी,
आणि पळस दंडारीतल्या राणीसारखा,
जरा जास्तच रंगवलेला.
उन्हाळी धानाच्या बांध्यांत पाणी,
पाण्यात बगळे.
बगळ्यांना आमची काही पडलेली नाही.

एका मोहाखालची जमीन
झाडून लख्ख ठेवलेली,
म्हणजे झाड कुणाच्या तरी राखणीतलं.
वेणूने तरी दोन फुलं उचलली,
तोंडात टाकली
आणि इकडेतिकडे पाहिलं.
गटाची अध्यक्ष, बावन्न वर्षांची.

गावामागून गाव, गावामागे तलाव.
कागदावर माजी मालगुजारी, बोलण्यात मामा.
"हा तिसरा मामा," तारका मोजत होती,
"एकानं बी चोळीबांगडी केली नाई."

भिंत चढून वर गेलो
आणि चौघी एकदम गप्प.
पलीकडचा काठ होता.
दुपारच्या धुरकटात नव्हताही.
देवकनने डोळे बारीक केले, मान जरा वाकडी केली
आणि तो पुसून टाकला.
"माह्या बाजूनं त नाई दिसत."

खाली ढिवराचं एक पोरगं
डोंग्यातलं पाणी टमरेलाने उपसत होतं.
वेणूने वरूनच विचारलं,
"याले भरती येते का रे?"
"येते न,
साहेब गेट बंद करतेत तवा."

वडे संपले. पाय पाण्यात सोडले.
साड्या पोटऱ्यांपर्यंत,
पोटऱ्यांवर रोवण्याच्या जुन्या चिखलखुणा नाहीत,
तरी हात आपोआप तिथे चोळत राहिला.

देवकनचा लोमेश रत्नागिरीला,
मासळीच्या कंपनीत बर्फ फोडतो.
ती दगडावर दगड ओलांडत गेली,
जिथे फोनला एक कांडी मिळते तिथवर.
"तुया समुद्र ऐकव जरा."
त्याने फोन बाहेर धरला असावा.
खरखर.
लाट असेल, बर्फाचं मशीन असेल.
आम्ही लाट धरली.

मग ती खाली वाकली,
फोन पाण्याच्या इतका जवळ
की माझा जीव वर आला.
"आता आमचा ऐक."
दगडाला पाणी लागत होतं,
चुबुक, चुबुक,
ताटात डाळ वाढावी तेवढाच आवाज.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
"आई, कुठी हायेस तू?"
"फिराले आली."
"फिराले? कोणासंग?"

देवकनने आमच्याकडे पाहिलं.
गटाच्या बाया म्हणाली असती तरी चाललं असतं,
शेजारच्या म्हणाली असती.
"मैत्रिणींसंग," ती म्हणाली,
नवीन चप्पल घालून
पहिलं पाऊल टाकावं तसं.

परतताना रिकाम्या डब्यात शिंपले.
प्रत्येक खड्ड्यात ते वाजले,
आणि रस्ता तर सगळा खड्ड्यांचाच.

पुढच्या बैठकीत वेणूने शेवटचं पान उघडलं,
चौघींचे वीस-वीस घेतले,
पेनाचं टोपण दातांत धरून
किती तरी वेळ 'समुद्र' या शब्दाकडे पाहत राहिली.
"खोडू नको," मी म्हटलं.
"खोडत कुठं हाय?"
तारका म्हणाली,
"आधी माह्या पंक्चरचे साठ लिही."