हात खाली असेपर्यंत

अलिबागच्या शिबिरात मिळालेली पुस्तिका
अजून खिशात आहे, घामाने पानं चिकटलेली.

ताबा : दोन गुण.
मागून जायचं, समोरच्याला तीन ठिकाणी टेकवायचं
आणि आपण वर राहायचं.
हे मला लगेच कळलं.
बारा वर्षं हिराजी नाखव्याच्या होडीवर होतो.

निष्क्रियता समजायला वेळ लागला.
आधी तोंडी ताकीद, मग तीस सेकंदांचं घड्याळ.
पहिल्या हंगामात मी दमलेल्यालाही निष्क्रिय ठरवत सुटलो.
थळच्या रोहिदासने एकदा मला आखाड्याबाहेर गाठलं,
"काका, रातभर बरफ फोरून आलोय,
त्याला तुमच्या पुस्तकान काय बोलतात?"

धोक्याची स्थिती : पाठ जमिनीकडे,
कोन नव्वद अंशांहून कमी.
कोनमापक घेऊन कोण पळणार मागे?
माझ्याआधीचे पंच जोमाबाबा सांगायचे,
"होरी कलली का काठावरशी पानी दिसतं ना? तवा."

आणि चीत.
दोन्ही खवाटे, एकाच वेळी,
पंचाला दिसेल एवढा वेळ.
जोमाबाबा कुस्ती सुटल्यावर पाठ बघायचे,
दोन खवाट्यांवर वाळूच्या दोन चकत्या, की निकाल.
पण ओल्या पाठीवर मघाचीही वाळू असते.
म्हणून मी आडवा पडतो,
गाल पुळणीला, एक डोळा मिटून,
फटीतला उजेड शोधत.

माघातल्या जत्रेत उजेडच संपत आला होता.
खांदेरीचा दिवा लागलेला, ओहोटी लांब गेलेली.
वर नवगावचा प्रणित, खाली रोहिदास.
डावा खवाटा टेकला, ते दिसलं.
उजव्याखाली मी तळहात सरकवला,
उताणा, बाबांनी दाखवला होता तसा.
माणसं दोर ओलांडून आत आली,
"गेला! गेला! डोलं फुटलं काय र पंचाचं?"
आणि खवाटा माझ्या हातावर उतरला,
गरम, वाळूने खरखरीत,
दोन गड्यांच्या वजनासकट.

आता फक्त हात काढायचा.
हात निघाला की वाळू,
वाळू लागली की चीत.
मी काढला.
त्याआधी एक श्वास गेला,
माझा की त्याचा, सांगता येत नाही.
तेवढ्यात पोराने मानेवर पूल बांधला,
टाळू वाळूत रुतवली
आणि कुशीवर वळला.

हरला तो. गुणांवर, आठ-तीन.
निकालात काही फरक पडला नाही,
असं मी घरी सांगितलं, न विचारता, दोनदा.
रोहिदास बर्फाच्या टेम्पोत बसून गेला,
जाताना माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं.

आता शिबिरात मी शिकवतो.
परवा नागावच्या मृण्मयीने हात वर केला,
"सर, दिसेल एवढा वेळ म्हणजे नक्की किती?"
मी म्हटलं, हात बाहेर काढायला लागतो तेवढा.
ती वहीत लिहायला लागली.
म्हटलं, थांब,
हे लिहू नकोस.