मालक : विमल भिकन कोळी

बाईच्या नावावर गाडी घेतली
तर अनुदान थोडं जास्त मिळतं,
असं अडावदच्या सेतूवाल्या पोरानं सांगितलं,
म्हणून एकवीस वर्षांत पहिल्यांदा
भिकन कोळ्यानं मला विचारलं,
"तुनं पूर्ण नाव काय से?"

रेशनकार्डावर मी इमलबाई.
आधारवर विमल, पुढे नवऱ्याचं.
शाळेच्या दाखल्यावर विमल मोतीराम बाविस्कर,
जन्मतारीख एक जून, मास्तरांनी पाडलेली.
संगणक म्हणाला : त्रुटी.
पंख्याखाली स्टुलावर बसून
मी तिघींच्या वतीनं अंगठा टेकवत राहिले
एवढ्याशा लाल उजेडावर.

जुना टेम्पो आधी मोडीत द्यायचा, तशी अट.
तो स्वतःच चालवत घेऊन गेला जळगावला.
विदगावच्या पुलावर बराच वेळ थांबला होता,
हे मला दुसऱ्यांकडून कळलं.
मला म्हणाला, रेडिएटरमध्ये पाणी टाकत होतो.
परतला एसटीनं.
एका पिशवीत प्रमाणपत्र,
दुसरीत भोंगा.
भोंगा कशाला, मी विचारलं नाही.

बँकेत साहेब बोलायचे त्याच्याकडे बघून
आणि कागद सरकवायचे माझ्याकडे.
मी सही केली. विमल. 'ल' जरा लांबला.

जुना नाल्याच्या फरशीवर आला
की गल्लीला कळायचं.
समोरच्या कडूबाईचं कुत्रं उठायचं,
मी तवा ठेवायचे.
नवा दारात येऊन उभा राहिला
आणि कुत्रंसुद्धा झोपलेलं.
"कवय उनात? आवाज कसा नही?"
"आवाजले डिझेल लागे," तो म्हणाला.

आता रात्री खिडकीतून वायर बाहेर जाते,
माठाच्या मागून, उंबऱ्यावरून.
मे महिन्यात डीपीचा फ्यूज उडतो
तेव्हा तो उठून बसतो अंधारात
आणि वायरीला हात लावून बघतो,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
केळी तर थांबत नाहीत.
घड कापला की घड्याळ सुरू.
व्यापारी फोनवर विचारतो, पोहोचेल का?
"बासष्ट टक्के से," हा सांगतो.
दहावीला एवढे नव्हते त्याला.

डिझेलचे पैसे वाचतात, हे खरं.
हप्ता जातो, हेही.
अनुदान कुठंतरी वाटेत आहे.
दर सोमवारी मी मोबाइलवर बघते : प्रलंबित.
आधी हा शब्द मला वाचता येत नव्हता,
आता तोंडात बसलाय.
परवा भाजीला मीठ कमी पडलं
तर पोरगी म्हणाली, आई, मीठ प्रलंबित.

काल पहिल्यांदा मी सोबत गेले, धानोऱ्याच्या मळ्यात.
काट्यावरच्या माणसानं वहीतून मान न काढता विचारलं,
"मालक कोण?"
भिकननं तोंडातली तंबाखू आधी थुंकली,
मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.
त्या माणसानं मान वर काढली.

घरी आल्यावर पाठीमागं
पांढऱ्या पत्र्यावर चिकाचा डाग होता,
बोटभर लांब, काळा पडत चाललेला.
भिकन फडकं ओलं करून घासायला लागला.
केळीचा डाग जात नाही, त्यालाही माहीत आहे.
"राहू द्या," मी म्हणाले.
त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि फडकं पिळून दांडीवर टाकलं.